शिर्डी ते मॉरिशस ४,८१७ किलोमीटर : फ्लाइट नाही, मग हे अंतर मोजलं कोणी?

फोनवर 'शिर्डी ते मॉरिशस फ्लाइट डिस्टन्स' असं सर्च करून बघा. विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या साइट्स ढिगाने सापडतील. त्यातली एखादी अगदी आत्मविश्वासाने सांगेल, अंतर चार हजार आठशेच्या आसपास किलोमीटर, वेळ सहा तास आणि वर काही मिनिटं. शिर्डीहून मॉरिशसला विमानच जात नाही, हे त्या साइटच्या गावीही नसतं. शिर्डी ते न्यूयॉर्क विचारा, तेही सांगेल. शिर्डी ते अंटार्क्टिका विचारलंत तरी उत्तर तयार.

मी राहाता तालुक्यातला. आमच्याकडे विमानतळ झाल्यापासून असले प्रश्न मला कायम येतात. एकाने विचारलं, "दादा, गुगल म्हणतंय अंतर साडेबारा हजार, तिकिटाच्या ॲपवर वेगळं, विमानात समोरच्या स्क्रीनवर तिसरंच. खरं कुठलं?" प्रश्न नुसत्या कुतूहलाचा वाटतो, पण काही ठिकाणी याच आकड्यावर तुम्हाला नुकसानभरपाई अडीचशे युरो मिळणार की चारशे, हे ठरतं. त्यामुळे हा आकडा येतो कुठून ते आज नीट बघू. फोनच्या कॅल्क्युलेटरवर तो स्वतः काढूनही बघू. दहावीपर्यंतचं साइन-कोसाइन आठवत असलं की पुरे.

आधी आपल्या विमानतळाबद्दल. शिर्डीचं विमानतळ खुद्द शिर्डीत नाही, ते कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावाजवळ आहे. १ ऑक्टोबर २०१७ ला तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. विमानकंपन्यांच्या भाषेत त्याचा तीन अक्षरी कोड एसएजी, तसा मुंबईचा बीओएम आणि मॉरिशसचा एमआरयू. अंतर सांगणाऱ्या साइटला तुमच्या विमानतळाबद्दल एवढंच माहीत असतं : एक कोड आणि त्यापुढे अक्षांश-रेखांश. काकडीचे अक्षांश साधारण १९.६९ उत्तर, रेखांश ७४.३८ पूर्व. दोन कोड दिले की साइट दोन बिंदू घेते आणि मधलं अंतर गणिताने काढते. तिथे धावपट्टी किती लांब आहे, विमान सुटतं का, मधे कुठला देश वाट अडवतो का, यातलं काहीही ती बघत नाही. काकडीची धावपट्टी सुरू झाली तेव्हा अडीच किलोमीटरची होती. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या जवळपास आहे. इंधनाने गच्च भरलेलं मोठं विमान अडीच किलोमीटरवरून उचलायचं म्हणजे अवघड काम. साइटला त्याचं काय!

वेळेचंही तेच. बऱ्याच साइट्स एक ठरावीक वेग धरतात, अंतराला त्याने भागतात आणि टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास वर टाकतात. म्हणून ती वेळ पाहून कोणाला एअरपोर्टवर घ्यायला जायचं ठरवू नका.

सपाट नकाशा आपल्याला कसा गंडवतो

शाळेतल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा डोळ्यासमोर आणा. त्यावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडा. तुमची रेघ अरबी समुद्रावरून सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया, मोरोक्को असं करत अटलांटिक महासागर ओलांडेल. दिसायला एकदम सरळ. या रेघेची खरी लांबी मी काढली, ती येते सुमारे १४,२०० किलोमीटर.

आता एक फुटबॉल घ्या, नाहीतर घरातलं मोसंबं घ्या. त्यावर मुंबईच्या आणि न्यूयॉर्कच्या जागी पेनाने ठिपके द्या आणि एक दोरा दोन्ही ठिपक्यांवर धरून ताणा. दोरा आपोआप वर, उत्तरेकडे सरकतो. हा ताणलेला दोरा म्हणजे सगळ्यात जवळचा रस्ता. तो गुजरातवरून निघतो, क्वेट्ट्याच्या आसपास पाकिस्तान ओलांडतो, मग मध्य आशिया, रशिया, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे. सगळ्यात वरचं टोक आइसलँडच्या थोडं पूर्वेला समुद्रावर, जवळजवळ ६५ अंश उत्तरेला. तिथून आइसलँड, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाच्या जरा खालून महासागर पार आणि कॅनडावरून खाली न्यूयॉर्क. लांबी सुमारे १२,५३० किलोमीटर.

म्हणजे नकाशावर जी रेघ सरळ दिसते ती जवळपास १,६७० किलोमीटरने लांब आहे. ताशी ९०० किलोमीटरच्या वेगाने धरलं तर पावणेदोन तासांपेक्षा जास्त, फुकट.

या ताणलेल्या दोऱ्याला इंग्रजीत ग्रेट सर्कल म्हणतात, मराठी भूगोलाच्या पुस्तकांत बृहद्वृत्त. गोलाचे बरोबर दोन सारखे भाग करणारं वर्तुळ ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त आहे, प्रत्येक रेखावृत्त हे बृहद्वृत्ताचा अर्धा भाग आहे. अक्षवृत्तं मात्र (विषुववृत्त सोडून) बृहद्वृत्तं नाहीत. म्हणूनच एकाच अक्षांशावरच्या दोन गावांमधला जवळचा रस्ता त्या अक्षांशावरून जात नाही. नकाशाचा दोष म्हणाल तर तो १५६९ पासूनचा आहे. मर्केटरने त्या साली बनवलेल्या नकाशात दिशा बरोबर राहते, पण ध्रुवांकडचा भाग फुगतो. खलाशांना दिशा हवी होती, त्यांचं काम झालं. आपण मात्र त्याच नकाशावर अजून अंतरं मोजत बसलोय.

गंमत म्हणजे मुंबई–मॉरिशसला हा गोंधळ होत नाही. तो रस्ता बराचसा उत्तर-दक्षिण आहे आणि विषुववृत्त जवळजवळ मध्यावर ओलांडतो. नकाशावरची सरळ रेघ आणि ताणलेला दोरा यांच्यात एक किलोमीटरचाही फरक येत नाही. म्हणून गणित शिकायला आपण हीच जोडी घेऊ.

कॅल्क्युलेटर काढा

फोनचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनमध्ये सायंटिफिक बटणं दिसतात. आधी एक गोष्ट तपासा : कोन डिग्रीत आहे ना? रेडियनवर असेल तर उत्तर भलतंच येईल. साइन ३० दाबून ०.५ आलं की समजा डिग्री चालू आहे.

मुंबई : १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. मॉरिशस : २०.४३ दक्षिण, ५७.६८ पूर्व. दक्षिणेला उणे चिन्ह द्यायचं, म्हणजे −२०.४३. दोघांच्या रेखांशातला फरक १५.१९.

आधी दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार. ०.३२७० गुणिले −०.३४९१, म्हणजे −०.११४२.

मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, आणि त्याला रेखांशातल्या फरकाच्या कोसाइनने गुणायचं. ०.९४५० गुणिले ०.९३७१ गुणिले ०.९६५१, म्हणजे ०.८५४७.

दोन्हींची बेरीज ०.७४०५. आता याचं उलटं कोसाइन घ्या (बटणावर कॉसच्या डोक्यावर उणे एक लिहिलेलं असतं). उत्तर ४२.२३ अंश.

हा कोन कसला? पृथ्वीच्या पोटात, बरोबर केंद्रात उभं राहून एक हात मुंबईकडे आणि एक हात मॉरिशसकडे केला, तर दोन हातांमध्ये जो कोन होईल तो. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, त्यामुळे एक अंश म्हणजे पृष्ठभागावर १११.१९५ किलोमीटर. ४२.२३ ला त्याने गुणा. सुमारे ४,६९५ किलोमीटर. दशांशस्थळं कुठे तोडली त्यानुसार शेवटचा आकडा एक-दोनने पुढेमागे होईल, ते सोडा.

किलोमीटरऐवजी समुद्री मैल हवे असतील तर अजून सोपं : अंशांना ६० ने गुणायचं, बास. ४२.२३ गुणिले ६०, जवळपास २,५३४ समुद्री मैल. समुद्री मैल जन्मला तोच मुळी अंशाच्या साठाव्या भागातून. वैमानिक आणि खलाशी अजून तोच वापरतात, कारण नकाशाच्या कडेवरच पट्टी छापलेली असते.

कोड लिहिणाऱ्यांसाठी जाता जाता : प्रोग्रॅममध्ये बहुतेक जण हे सूत्र न वापरता हॅवरसाइन नावाचं वापरतात. दोन ठिकाणं अगदी जवळ असली की वरच्या सूत्रात कोसाइन एकच्या इतकं जवळ जातं की दशांशस्थळं कमी पडतात. हॅवरसाइनला ती अडचण येत नाही. डिलिव्हरी ॲपमध्ये दोन गल्ल्यांमधलं अंतर काढायचं असेल तर फरक पडतो, महासागर ओलांडताना नाही.

आता दुसऱ्या एखाद्या साइटवर जा. तिथे कदाचित ४,६९५ दिसणार नाही, ४,६७४ च्या आसपास दिसेल. वीस-एकवीस किलोमीटर गेले कुठे? पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे जरा दबलेली आहे. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८.१३७ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५६.७५२. जीपीएस याच दबलेल्या आकारावर चालतं, त्याला डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात. म्हणजे तुमच्या खिशातला फोनही पृथ्वीला गोल समजत नाही. या आकारात विषुववृत्ताजवळ उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११ किलोमीटरपेक्षा थोडा कमी भरतो, आणि मुंबई–मॉरिशसचा रस्ता नेमका त्याच पट्ट्यातला. म्हणून अंतर कमी येतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाने गोल धरला, दुसऱ्याने दबलेला गोल धरला, एवढंच. एखाद्या साइटचा आकडा अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही.

काकडीतून निघालं तर?

हे मला स्वतःला फार आवडलं म्हणून सविस्तर सांगतो. मुंबई आणि शिर्डी विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे १७२ किलोमीटर. मग तुम्ही म्हणाल, शिर्डीहून न्यूयॉर्क १७२ किलोमीटर लांब पडणार. आपण पूर्वेला आहोत, अमेरिका पश्चिमेला, उघड आहे.

गणित करून बघितलं. मुंबई–न्यूयॉर्क १२,५३२, शिर्डी–न्यूयॉर्क १२,५४३. फरक फक्त अकरा किलोमीटर! कोपरगाव ते शिर्डी जायला याच्यापेक्षा जास्त अंतर पडतं.

असं का? मघाचा दोरा आठवा. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारा दोरा पश्चिमेला जात नाही, तो उत्तर-वायव्येला निघतो, क्वेट्ट्याच्या दिशेने. शिर्डी आहे मुंबईच्या पूर्व-ईशान्येला. या दोन दिशा एकमेकींशी जवळपास काटकोनात आहेत. तुम्ही रस्त्याच्या दिशेशी काटकोनात कितीही सरकलात तरी लांबच्या मुक्कामाचं अंतर फारसं बदलत नाही. शेताच्या बांधावर उभे राहून दूरच्या डोंगराकडे बघा आणि चार पावलं डावीकडे सरका. डोंगर तेवढाच लांब राहतो.

मॉरिशसचं उलट. तो रस्ता मुंबईहून दक्षिण-नैऋत्येला निघतो, शिर्डी त्याच्या बरीच पाठीमागे पडते. म्हणून शिर्डी–मॉरिशस ४,८१७ भरतं, मुंबईपेक्षा १२२ किलोमीटर जास्त.

अर्थात आपला नगरचा माणूस अमेरिकेला जाताना आधी गाडीने मुंबई गाठतो, अडीचशेच्या आसपास किलोमीटर आणि घाटातलं ट्रॅफिक. ते कुठल्याच साइटच्या आकड्यात येत नाही.

विमान त्या दोऱ्यावरून जातं का?

क्वचितच. दोरा आकाशातल्या सरहद्दी बघत नाही, विमानाला बघाव्या लागतात. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. मुंबई–न्यूयॉर्कचं बृहद्वृत्त अंतर त्या दिवशी एक मीटरनेही वाढलं नाही, पण विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. अमेरिकेला जाणाऱ्या काही फ्लाइट्सना तर युरोपात उतरून इंधन भरावं लागलं. त्याआधी २०२२ मध्ये रशियाने युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं होतं. मघाचा दोरा रशियावरून बराच जातो, ते लक्षात आहे ना?

शिवाय वारा. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार झोत असतात, जेट स्ट्रीम. अमेरिकेहून येताना विमान त्यांच्यावर स्वार होतं, जाताना त्यांना चुकवतं. म्हणून येताना आणि जाताना वेळ वेगळी लागते, आणि कधीकधी लांबचा रस्ताच लवकर पोचवतो.

समुद्रावर अजून एक बंधन असतं. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ते ठरावीक वेळात कुठल्यातरी विमानतळावर पोचलं पाहिजे. अमेरिकेत १९५३ पासून ही मर्यादा ६० मिनिटं होती. १९८५ मध्ये खास परवानगीने १२० मिनिटं झाली, आणि नंतर इंजिनं जशी भरवशाची होत गेली तशी ती वाढत गेली. या परवानगीला इटॉप्स म्हणतात. मुंबई–मॉरिशसच्या मध्यावर, विषुववृत्ताजवळ, खाली फक्त हिंदी महासागर. मालदीव एका बाजूला, सेशेल्स दुसऱ्या बाजूला, दोन्ही हजार किलोमीटरच्या आसपास. इटॉप्सशिवाय दोन इंजिनांचं विमान हा सरळ रस्ता घेऊच शकलं नसतं, बेटं धरत धरत गेलं असतं. एअर मॉरिशसची एअरबस ए३३० आणि ए३५० दोन्ही दोन इंजिनांचीच आहेत.

दीड-दोनशे वर्षांपूर्वी तर वाराच मालक होता. १८३४ पासून मजुरीच्या करारावर हिंदुस्थानातून लोक मॉरिशसला नेले जात होते, त्यात कोकणातली मराठी माणसंही होती. ती उतरली तो पोर्ट लुईमधला आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. शिडाचं जहाज मोसमी वाऱ्याच्या मर्जीने जायचं, आठवड्यांमागून आठवडे. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळांत मराठी शिकवली जाते, आणि मुंबईचं विमान साधारण सहा तासांत तिथे उतरतं.

फ्लाइट ट्रॅक करणाऱ्या ॲपवर हा प्रवास बघाल तर मधेच विमान सरळ रेषेत, शांतपणे सरकताना दिसेल. ती बहुधा ॲपने काढलेली अंदाजाची जागा असते. विमान आपली जागा रेडिओवरून सतत सांगत असतं, त्याला एडीएस-बी म्हणतात, आणि जगभरचे हौशी लोक घराच्या गच्चीवर छोटा रिसीव्हर लावून ते सिग्नल पकडतात. पण पृथ्वीच्या गोलाईमुळे अकरा किलोमीटर उंचीवरचं विमान जमिनीवरून साधारण चारशे किलोमीटरपर्यंतच 'दिसतं'. महासागराच्या मध्यात गच्ची कुठून आणणार? तिथे उपग्रहानेच पकडावं लागतं. नाहीतर ॲप शेवटचा वेग आणि दिशा धरून पुढचा अंदाज बांधतं. तेव्हा घरातलं कोणी विमानात असेल आणि नकाशावरचं विमान एका जागी थांबलेलं दिसलं, तर घाबरू नका.

आणि आता पैशाचं

युरोपियन युनियनचा एक नियम आहे, क्रमांक २६१, साल २००४. फ्लाइट आयत्या वेळी रद्द झाली किंवा पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला, आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर नुकसानभरपाई मिळते. ती तिकिटाच्या किमतीवर ठरत नाही, अंतरावर ठरते. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, पुढे ३,५०० पर्यंत ४०० युरो, त्यापुढच्या लांब प्रवासाला ६०० युरो (उशीर चार तासांच्या आत असेल तर कंपनी हे ६०० निम्मे करू शकते). आणि हे अंतर कसं मोजायचं तेही नियमातच लिहिलंय : बृहद्वृत्ताने. आपण आत्ता कॅल्क्युलेटरवर केलं तेच.

मधे विमान बदललं असेल तर? हा वाद युरोपियन युनियनच्या न्यायालयापर्यंत गेला. प्रवासी रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बर्गला जात होते, उशीर झाला. दोन्ही टप्पे जोडले तर १,६५६ किलोमीटर, म्हणजे ४०० युरो. रोम ते हॅम्बर्ग सरळ धरलं तर १,३२६, म्हणजे २५०. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, पहिलं विमानतळ आणि शेवटचं विमानतळ घ्या, मधला वळसा मोजू नका. दीडशे युरो एका सूत्राने गेले. मला विचाराल तर निकाल पटतो. उशिराने जो त्रास व्हायचा तो शेवटच्या मुक्कामी होतो, मधे किती फिरलात याच्याशी त्याचा संबंध नाही.

आपल्याकडची बरीच मुलं जर्मनीला शिकायला जातात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. बर्लिन–फ्रँकफर्ट–मुंबई असं एकाच बुकिंगवर तिकीट असेल तर प्रवास युरोपातून सुरू होतो, म्हणून कंपनी कुठल्याही देशाची असली तरी नियम लागू. अंतर ३,५०० च्या वर, म्हणजे वरचा टप्पा. मुंबईहून युरोपला येताना मात्र कंपनी युरोपची असेल तरच. आणि मुंबईहून अमेरिकेला एकाच बुकिंगवर जाताना फक्त युरोपात विमान बदललं, म्हणून हा नियम लागू होत नाही. इथे पुष्कळ जण फसतात आणि उगाच कोणत्यातरी एजंट साइटला कमिशन देऊन बसतात.

भारतातल्या नियमात किलोमीटर येतच नाहीत, तिथे वेळ मोजतात. कंपनीने वेळेत न कळवता फ्लाइट रद्द केली, आणि कारण तिच्या हातातलं असेल, तर एका तासापर्यंतच्या फ्लाइटला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या फ्लाइटला ७,५००, त्यापुढे १०,०००. किंवा एका बाजूचं मूळ भाडं आणि इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. ही वेळ म्हणजे ब्लॉक टाइम, विमान पार्किंगमधून हललं तेव्हापासून पुन्हा पार्किंगमध्ये थांबेपर्यंतची. तुमच्या तिकिटावर सुटण्याची आणि पोचण्याची जी वेळ छापलेली असते, त्यातला फरक.

प्रदूषणाचा हिशोब करणारेही याच अंतरापासून सुरुवात करतात. इकाओ ही विमान वाहतुकीची संयुक्त राष्ट्रांची संस्था आपल्या कार्बन कॅल्क्युलेटरमध्ये बृहद्वृत्त अंतर घेते, आणि वळणं, आकाशातल्या घिरट्या यासाठी वर थोडं मिळवते : ५५० किलोमीटरच्या आत ५०, ५,५०० पर्यंत १००, त्यापुढे १२५ किलोमीटर. मुंबई–मॉरिशसला मग शंभर किलोमीटर वर धरायचे.

एवढं गणित करायचा कंटाळा आला असेल तर फोनमध्येच सोय आहे. गुगल मॅप्स उघडा, मुंबई विमानतळावर बोट दाबून धरा, लाल पिन पडली की खालची पट्टी वर सरकवा, त्यात 'अंतर मोजा' हा पर्याय येतो. तो दाबून नकाशा सरकवत मॉरिशसपर्यंत न्या, अंतर खाली दिसत राहील. मग तसंच न्यूयॉर्कपर्यंत नेऊन बघा. सपाट नकाशावर रेघ कमानीसारखी वर वाकत जाईल. ती वाकडी रेघ म्हणजे आपला ताणलेला दोरा.